एपी लिटरेचरचं उन्हाळी वाचन: मार्क उजव्या रकान्यात असतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुटुंब गेल्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीत आलं. मुलगी स्टेट बोर्डातून दहावी करून आली, इथे अकरावी झाली आणि सप्टेंबरमध्ये बारावीत एपी लिटरेचर (कॉलेजच्या पातळीचा इंग्रजी साहित्याचा विषय) घेणार आहे. शाळेने उन्हाळ्यासाठी मेरी शेलीची ‘फ्रँकनस्टाइन’ आणि यादीतून स्वतः निवडलेली एक कादंबरी वाचायला दिली आहे. दोन्हींवर मिळून तीस नोंदींचं डायलेक्टिकल जर्नल (वाचताना ठेवायची नोंदवही) शाळेच्या पहिल्या दिवशी द्यायचं आणि पहिल्याच आठवड्यात त्यावर परीक्षा. मध्ये पाच आठवडे सगळे पुण्याला जाणार आहेत. हे खरंच सक्तीचं असतं का, आणि आईवडिलांनी किती मदत करायची?

मी इथल्याच एका पब्लिक (म्हणजे सरकारी) हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. असे प्रकल्प जूनमध्ये देते आणि सप्टेंबरमध्ये तपासते, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते आहे.

सक्तीचं आधी संपवू. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने उन्हाळी वाचनाची अट घातलेली नाही आणि ‘हीच पुस्तकं वाचा’ अशी यादीही कधी दिलेली नाही. ही सक्ती शाळेची आणि शिक्षकाची. पण ती पोकळ नसते. बहुतेक ठिकाणी या जर्नलचे आणि त्या परीक्षेचे गुण पहिल्या मार्किंग पीरियडमध्ये (गुण देण्यासाठी वर्षाचे जे भाग पाडतात त्यांतल्या पहिल्यात) धरले जातात, आणि बारावीच्या पहिल्या सहामाहीचे गुण कॉलेजं बघतात. विस्कॉन्सिनमध्ये एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या वडिलांनी सुट्टीतल्या अभ्यासाविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, मग त्याबाहेर गृहपाठ कसा देता, असा मुद्दा होता. विषय गणिताचा होता. २००६ साली तिथल्या अपील न्यायालयानेही त्यांच्या विरोधातच निकाल दिला. तेव्हा वाद घालण्यात जाणारा वेळ वाचनाला द्या.

‘सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात म्हणून वाचायला लावतात’ हे कारण तुम्हाला शाळेच्या पत्रकात दिसेल. ते लहान वर्गांच्या बाबतीत जास्त खरं. तुमच्या मुलीच्या बाबतीत कारण साधं आहे. सप्टेंबर ते मे एवढ्या वेळात कविता, नाटक, कथा, कादंबरी सगळं बसवायचं, तर दोन कादंबऱ्या वर्गाबाहेर वाचून झालेल्या असल्या की शिक्षकाला बरं पडतं. आणि आम्हाला पहिल्या आठवड्यात बघायचं असतं, की हे मूल एखाद्या वाक्यापाशी थांबतं का.

डायलेक्टिकल जर्नल म्हणजे पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे पुस्तकातलं वाक्य, पान क्रमांकासह. उजवीकडे त्या वाक्याबद्दल वाचणाऱ्याला काय म्हणायचंय ते. डावा रकाना कुणीही भरेल. तपासताना मी तिकडे पान क्रमांक दिलाय ना एवढंच बघते. मार्क उजवीकडे असतात, आणि नेमके तिथेच आपल्याकडून आलेली हुशार मुलं गोष्टीचा सारांश लिहितात.

याचं मे महिन्यातल्या परीक्षेशी थेट नातं आहे. एपी लिटरेचरच्या पेपरात ५५ बहुपर्यायी प्रश्नांना एक तास आणि तीन निबंधांना दोन तास असतात. निबंधांचं वजन ५५ टक्के. प्रत्येक निबंध ६ गुणांचा: मुख्य विधानाला १, पुरावा आणि त्यावरचं भाष्य यांना मिळून ४, आणि विचाराची खोली, गुंतागुंत दिसली तर १. म्हणजे सहातले चार गुण उजव्या रकान्याचे. शिवाय तिसऱ्या निबंधात कलाकृती विद्यार्थ्याने स्वतः निवडायची असते आणि पुस्तक समोर नसतं. उन्हाळ्यात नीट वाचलेली कादंबरी तिथे कामाला येते. वर्गात घाईने संपवलेली सहसा येत नाही.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत तुमच्या मुलीने कवितेचं रसग्रहण लिहिलेलं असणार. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. उजव्या रकान्यात जे हवंय ते याच कुळातलं आहे, हे तिला आवर्जून सांगा. ती अगदी कोरी पाटी घेऊन आलेली नाही. अडचण इतकीच, की आपल्याकडे बऱ्याच मुलांनी रसग्रहण गाइडमधून पाठ केलेलं असतं. कुठल्याही कवितेला चालेल असं वाक्य तयार ठेवायचं आणि कवीचं नाव बदलायचं. ‘लेखिकेने प्रभावी प्रतिमांचा वापर करून भावना उत्कटपणे व्यक्त केली आहे.’ असं इंग्रजीत लिहिलेलं मला दरवर्षी सापडतं. मी त्याच्या बाजूला एकच शब्द लिहिते: कोणती?

एक नमुना देते. व्हिक्टर फ्रँकनस्टाइनने बनवलेला प्राणी पहिल्यांदा डोळे उघडतो आणि व्हिक्टर खोलीतून पळ काढतो, तो प्रसंग घ्या. कच्ची नोंद अशी असते: ‘व्हिक्टर प्राण्याला पाहून घाबरतो. त्याला आपली चूक कळते. यातून विज्ञानाचे धोके दिसतात.’ यातलं काहीही पुस्तक न वाचता लिहिता येतं.

जमलेली नोंद अशी असू शकते: ‘व्हिक्टर म्हणतो, मी जवळजवळ दोन वर्षं खपलो. अवयव सुंदर बघूनच निवडले होते असंही तोच सांगतो. मग हाच देह आत्ता अचानक किळसवाणा का वाटला? निश्चल होता तोवर चाललं, डोळे उघडून त्याने याच्याकडे पाहिलं आणि बिनसलं. म्हणजे याला यश हवं होतं, त्या यशाने उलट आपल्याकडे बघायला नको होतं का? आणि हे सगळं तो नंतर, जहाजावर, वॉल्टन नावाच्या दर्यावर्दीला सांगतोय. स्वतःची बाजू सावरून सांगत असेल?’ यात तीन प्रश्न आहेत आणि पक्कं उत्तर एकाचंही नाही. मला पूर्ण गुण द्यायला तेवढं पुरतं. उजव्या रकान्यात प्रश्न लिहिला तर चालतो, हे आपल्या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. प्रश्न घालणं शिक्षकाचं काम, अशी त्यांची समजूत असते.

या कादंबरीत गोष्टीच्या पोटात गोष्ट आहे. वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टरची कहाणी, तिच्या आत त्या प्राण्याने सांगितलेली त्याची स्वतःची कहाणी. कोण कुणाला सांगतंय आणि कशासाठी, हा एकच धागा धरला तरी तिला दहा-बारा नोंदी सहज मिळतील. सुरुवातीची पत्रं कंटाळवाणी वाटली म्हणून बरीच मुलं थेट पहिल्या प्रकरणावर जातात आणि हा धागाच गमावतात.

आता आवृत्ती. हे वाचून आधी कपाटातलं पुस्तक उघडून बघा. ‘फ्रँकनस्टाइन’ पहिल्यांदा १८१८ मध्ये तीन खंडांत आली. मेरी शेलीने स्वतः फेरफार केलेली एका खंडातली आवृत्ती १८३१ ची. दोन्ही आज बाजारात आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. १८१८ च्या मजकुरात एलिझाबेथ ही व्हिक्टरच्या आत्याची मुलगी आहे. १८३१ मध्ये ती एका गरीब कुटुंबात वाढणारी अनाथ मुलगी आहे आणि फ्रँकनस्टाइन कुटुंब तिला घरी आणतं. प्रकरणांचे आकडेही जुळत नाहीत. प्राण्याची कहाणी १८३१ मध्ये अकराव्या ते सोळाव्या प्रकरणात आहे. १८१८ मध्ये तीच दुसऱ्या खंडाच्या तिसऱ्या ते आठव्या प्रकरणात. शिक्षकाने ‘पंधराव्या प्रकरणातून दोन नोंदी’ असं म्हटलं असेल, तर १८१८ ची प्रत हातात असलेल्या मुलीला ते प्रकरण सापडणारच नाही. शाळेच्या कागदावर आयएसबीएन (त्या आवृत्तीचा छापील ओळख क्रमांक) दिला असेल तर तीच प्रत घ्या. नसेल तर विचारून घ्या. जुनं पुस्तक असल्याने त्यावर प्रताधिकार नाही, मजकूर इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतो. पण पान क्रमांक लागणार असतील तर छापील प्रतच बरी.

सिनेमा बघून भागणार नाही हेही सांगून ठेवते. कुबड्या मदतनीस इगोर पुस्तकात नाही. विजेच्या लोळाने जिवंत होण्याचा तो देखावा पडद्यावरचा. पुस्तकात व्हिक्टर ती युक्ती मुद्दाम सांगत नाही. आणि पुस्तकातला प्राणी गुरगुरत नाही, तो इंग्रज कवी मिल्टन वाचतो आणि वकिलासारखा युक्तिवाद करतो. पहिल्या आठवड्यातल्या परीक्षेचे प्रश्न आम्ही याच जागा हेरून काढतो. सारांश देणाऱ्या संकेतस्थळांचंही तसंच. ती आम्हीही वाचलेली असतात, आणि त्यांच्यात जे नाही तेच विचारतो. प्रकरण वाचून झाल्यावर ‘मला बरोबर कळलं ना’ म्हणून सारांश बघण्यात काही गैर नाही. जुनं इंग्रजी आहे, लांब वाक्यं आहेत, तिने तो आधार जरूर घ्यावा. क्रम मात्र उलटा नको. एआयकडून नोंदी लिहून घेणं म्हणजे तर सरळ पायावर धोंडा. म्हणूनच हल्ली अनेक शिक्षक जर्नल हाताने लिहिलेलं मागतात आणि पहिल्या आठवड्यात वर्गात बसवून त्यातल्याच एका नोंदीवर पानभर लिहायला लावतात. मीही लावते. जिची नोंद स्वतःची असते तिला ते पान अवघड जात नाही.

आपल्या घरांतली एक सवय इथे आड येते. पुस्तक म्हणजे विद्या. पाय लागला तर नमस्कार करायचा आणि पेनाने तर त्यावर मुळीच लिहायचं नाही. इथे समासात लिहिलेलं शिक्षक तपासतात, कधी कधी त्याला गुणही असतात. म्हणून ‘फ्रँकनस्टाइन’ची स्वस्तातली स्वतःची प्रत विकत घ्या आणि तिला पेन्सिल हातात घेऊनच वाचायला सांगा. प्रत लायब्ररीची किंवा शाळेची असेल तर पोस्ट-इट चिठ्ठ्या. अख्खी पानं पिवळी रंगवण्याला अर्थ नाही. खूण केली की शेजारी दोन शब्द हवेत, का खूण केली त्याचे. त्याच खुणांमधून संध्याकाळी एक-दोन नोंदी वहीत उतरवायच्या. आधी सगळं पुस्तक वाचून काढू आणि मग नोंदी करू, असा बेत बहुतेक मुलं करतात. मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वाक्यं शोधत पानं उलटत बसतात. तशा जर्नलात तीसपैकी वीस नोंदी पहिल्या साठ पानांतल्या असतात, ते आम्हाला लगेच दिसतं.

वेळापत्रक तुमच्या बाबतीत जरा पिळवटणारं आहे. न्यू जर्सीत शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटते आणि बहुतेक ठिकाणी लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उघडते. त्यात ही बारावी. कॉलेजच्या अर्जांचं कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं, त्यातला ६५० शब्दांचा निबंध याच सुट्टीत लिहायचा असतो, आणि लवकरच्या अर्जांची मुदत पुष्कळ कॉलेजांत १ नोव्हेंबर. म्हणून माझा आग्रह: ‘फ्रँकनस्टाइन’ विमानात बसण्याआधी संपवा. टिपणांसकट बारा ते पंधरा तासांचं काम आहे. रोज दीड तास धरला तर दहा दिवस. निवडलेली कादंबरी प्रवासात आणि पुण्यात वाचावी, ती बहुधा आजच्या इंग्रजीतली असेल. पुण्यातल्या घरात पाहुणे, लग्नं, खरेदी, आजोळ यांत रोज ठरावीक वेळ काढणं कठीण हे मलाही ठाऊक आहे. सकाळी सगळे उठायच्या आतला पाऊण तास मात्र मिळतो, जेटलॅगमुळे पहिले काही दिवस तर आपसूकच. परत आल्यावर ‘फ्रँकनस्टाइन’मधली फक्त प्राण्याची कहाणी आणि शेवटचं प्रकरण पुन्हा वाचायचं. परीक्षेला तेवढी उजळणी पुरते.

निवडीच्या पुस्तकाबद्दल एकच सांगते. यादीत भारतीय कुटुंबाची, स्थलांतराची कादंबरी दिसली की आपल्या मुलांचा हात तिकडे जातो. घ्यायला हरकत नाही. पण मग उजवा रकाना ‘आमच्याकडेही असंच असतं’ने भरतो आणि लेखकाने काय केलंय ते राहून जातं. ती खबरदारी घेता येत असेल तर घ्यावी. नाहीतर तिला मनापासून आवडेल असं, अडीचशे-तीनशे पानांचं दुसरं काहीही घेऊ द्या. यादीतलं सर्वांत बारीक पुस्तक निवडणं हे चातुर्य वाटतं, पण बारीक पुस्तकं बहुधा दाट असतात. एखाद्या पुस्तकातला मजकूर तुम्हाला खटकला तर दुसरं पुस्तक मागता येतं. शाळांची त्यासाठी ठरलेली पद्धत असते.

ऐकून वाचण्याबद्दल पालक दबकत विचारतात. ऑडिओबुक म्हणजे लबाडी नाही. पुस्तक समोर ठेवून ऐकलं तर लांब वाक्यांची चाल कानात बसते, नव्याने आलेल्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. काउंटी लायब्ररीच्या कार्डावर लिबी अ‍ॅपमधून फुकट मिळतं. मात्र जूनमध्ये एकाच पुस्तकावर अख्ख्या वर्गाच्या उड्या पडतात, रांग लागते, तेव्हा आजच नंबर लावून ठेवा.

राहिला तुमच्या मदतीचा प्रश्न. तिचं इंग्रजी सुधारू नका. व्याकरणाची एखादी चूक राहिली तर त्या जर्नलमध्ये कुणी मार्क कापत नाही, आणि पालकाने घासून दिलेलं वाक्य लगेच ओळखू येतं. तुम्ही तिच्याशी मराठीत बोला. जेवताना विचारा, आज काय झालं गोष्टीत, तुला कोणाचं पटलं, तो खोटं बोलतोय असं कुठे वाटलं? मराठीत या पुस्तकाबद्दलची तयार वाक्यं तिच्याकडे नाहीत. सारांशाच्या संकेतस्थळांवरून उचललेलं तिथे चालत नाही, म्हणून जे बोलेल ते तिचं स्वतःचं असेल. तेच मग वहीत इंग्रजीत लिहायचं. माझ्या एका विद्यार्थ्याने सुट्टीत आजीला ही सगळी गोष्ट सांगितली. आजीने विचारलं, “अरे, मग त्याचं बारसं नाही का केलं कुणी?” त्या पोराने तोच प्रश्न उजव्या रकान्यात उतरवला: निर्मात्याने याला नाव का ठेवलं नाही, आणि नाव नसलेल्याला बाकीचे ज्या ज्या नावांनी हाक मारतात ती सगळी शिव्यांसारखी का आहेत? त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या जर्नलांतली ती सर्वांत चांगली नोंद होती. पाच आठवडे पुण्यात आहात, तर आजीआजोबांना गोष्ट सांगायचं काम तिच्यावर जरूर सोपवा.

अगदी थोडक्यात एक गंमत, तिलाही सांगा. ही कादंबरी स्वतःच एका बिघडलेल्या सुट्टीतून निघाली. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्यातून उडालेल्या राखेने आणि वायूंनी पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा उरलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींना कवी लॉर्ड बायरनने सुचवलं, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहू. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा फार मोठी नाही.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. आवृत्ती, नोंदींची लांबी, हाताने की टाइप करून, हे शिक्षकांना विचारायचं असेल तर शाळा सुटण्याआधी विचारा. इथल्या शिक्षकांचा करार साधारण दहा महिन्यांचा असतो आणि जुलैत बरेच जण मेल उघडतही नाहीत. मेल मुलीने लिहायचा, तुम्ही नाही. बारावीच्या मुलीच्या वतीने आईचा मेल आला की इथे तो खटकतो. आणि काही शाळा अर्धं जर्नल ऑगस्टच्या मध्यावर ऑनलाइन मागतात. तुमच्या कागदावर तसं असेल, आणि तुम्ही तेव्हा पुण्यात असाल, तर इथली रात्रीची ११:५९ ची मुदत म्हणजे तिथली दुसऱ्या दिवशीची सकाळची ९:२९.